गृहस्वामी संघाच्या थकीत वर्गणीची न्यायालयीन वसुली

अमेरिकेतील गृहवसाहतींमध्ये रस्ते, बागा व अन्य सामाईक सोयींच्या देखभालीसाठी आकारलेली वर्गणी सदस्याने थकवल्यास गृहस्वामी संघ (वसाहतीतील घरमालकांची संस्था) न्यायालयामार्फत करीत असलेली वसुली. संघ एकतर सदस्यावर पैशाचा दावा लावतो किंवा घरावरील बोजाच्या (थकबाकीपोटी घरावर असलेल्या हक्काच्या) आधारे ते विक्रीस काढतो.

मूळ खरेदीदाराने मान्य केलेले हे देणे पुढील प्रत्येक मालकावर का पडावे, याविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक याचे मूळ ‘टल्क विरुद्ध मॉक्से’ (१८४८) या इंग्लिश निवाड्यात शोधतात. तथापि लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमधील बागेविषयीच्या त्या वादात जागा मोकळी ठेवण्याची अट लागू झाली, पैसे भरण्याची नव्हे. शिवाय असा खर्चाचा भार पुढील मालकावर टाकण्यास इंग्लंडमध्ये ‘ऑस्टरबेरी विरुद्ध ओल्डम’ (१८८५) या निवाड्याने नकारच दिला. त्यामुळे न्यूयॉर्क राज्याच्या अपील न्यायालयाचा नेपॉन्सिट खटल्यातील निर्णय (१९३८) हा आरंभ मानणे अधिक सयुक्तिक दिसते. न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागातील नेपॉन्सिट या वसाहतीच्या १९१७ च्या खरेदीखतात २० बाय १०० फुटांच्या भूखंडामागे वर्षाला कमाल ४ डॉलर आकारण्याची तरतूद होती. न्यायालयीन विक्रीतून जागा मिळालेल्या बँकेने, पैसे देण्याचा करार जमिनीशी निगडित नाही आणि संघाकडे वसाहतीतील जमीनही नाही, अशा हरकती घेतल्या. रस्ते व किनारा वापरण्याचा हक्क जागेबरोबर मिळत असल्याने त्यांचा खर्चही जागेबरोबरच जातो, आणि संघ हा मालकांचाच प्रतिनिधी आहे, असे म्हणून न्यायालयाने त्या फेटाळल्या.

घराच्या विक्रीतून आधी बँकेचे गहाण फेडायचे की संघाचा बोजा, हा प्रश्न पुढे निघाला. राज्यांनी स्वीकारावा म्हणून तयार केलेल्या १९८२ च्या नमुना कायद्याने सहा महिन्यांच्या वर्गणीला पहिल्या गहाणावर अग्रक्रम सुचवला. सर्व राज्यांनी तो स्वीकारलेला नाही. नेव्हाडात ही मुदत नऊ महिने झाली, आणि तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा बोजापोटी रीतसर झालेल्या विक्रीने बँकेचे गहाणच नष्ट होते असे ठरवले. ही विक्री न्यायालयाबाहेर झालेली असली, तरी तिचा परिणाम ठरवण्यासाठी पुढे बरेच दावे झाले.

टेक्ससमध्ये देण्यापोटी होणाऱ्या विक्रीपासून राहत्या घराला घटनात्मक संरक्षण असूनही, घर घेण्यापूर्वी नोंदवलेल्या करारातील बोजा चालतो, असे १९८७ मध्ये ठरले. कॅलिफोर्नियात मूळ थकबाकी १,८०० डॉलरपेक्षा कमी असेल आणि ती बारा महिन्यांहून जुनी नसेल, तर घर विक्रीस काढता येत नाही. लघुवाद न्यायालयात (छोट्या रकमांचे दावे चालणाऱ्या न्यायालयात) दावा मात्र लावता येतो.