शीघ्रपतन : इलाज आधी आले, घड्याळ नंतर

शीघ्रपतनावर आज डॉक्टर सराव सांगतात, स्प्रे देतात किंवा गोळी लिहून देतात. हे तिन्ही मार्ग वेगवेगळ्या काळातल्या समजुतींतून निघाले.

१९१७ साली मनोविश्लेषक कार्ल अब्राहम यांनी सगळा दोष सुप्त मनावर टाकला. पुरुषाच्या मनात स्त्रीविषयी दडलेलं वैर असतं म्हणे! १९४३ मध्ये बर्नहार्ड शापिरो यांनी ११३० रुग्णांचा आढावा घेतला, मनाबरोबर शरीराकडेही बोट दाखवलं आणि बधिर करणारं मलम सुचवलं. आजचा लिडोकेन-प्रिलोकेन स्प्रे त्याच वाटेवरचा.

१९५६ मध्ये अमेरिकेतले मूत्ररोगतज्ज्ञ जेम्स सीमन्स यांनी सराव मांडला : आता आवरणार नाही असं वाटलं की थांबायचं, आवेग ओसरला की पुन्हा सुरुवात. लैंगिकतेचे अमेरिकी संशोधक मास्टर्स आणि जॉन्सन यांनी १९७० मध्ये त्याला शिश्नाचं टोक काही सेकंद दाबून धरण्याची जोड दिली. त्यांचे यशाचे आकडे डोळे दिपवणारे होते. पुढे इतरांना ते तसे मिळाले नाहीत, आणि आलेला गुणही बऱ्याच जणांत टिकला नाही. दुष्परिणाम नाहीत, ही मात्र या सरावाची मोठीच जमेची बाजू.

गोळी सापडली ती दुष्परिणामातूनच. नैराश्यावरची काही औषधं घेणाऱ्या पुरुषांना वीर्यपतनाला फार वेळ लागू लागला. एकाची अडचण ती दुसऱ्याची सोय. १९७३ मध्ये क्लोमिप्रामिनचा असा वापर नोंदला गेला, १९९४ मध्ये नेदरलँड्सच्या मार्सेल वाल्डिंगर यांनी पॅरोक्सेटिन तपासलं. पॅरोक्सेटिनचा गुण चांगला, पण ते रोज घ्यावं लागतं आणि एकदम बंद करता येत नाही. त्याच गटातलं डापोक्सेटिन मात्र संबंधाच्या एक ते तीन तास आधी घेतलं की पुरतं. औषधांना परवानगी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने २००५ मध्ये ते अडवलं, २००९ मध्ये फिनलंड आणि स्वीडनने मंजूर केलं. भारतातही ते मिळतं.

यातले बहुतेक इलाज येईपर्यंत सर्वसाधारण जोडप्यांत संबंध सुरू झाल्यापासून वीर्यपतनापर्यंत किती वेळ जातो, याचा मोठा अभ्यास नव्हता. २००५ मध्ये पाच देशांतल्या सुमारे ५०० जोडप्यांना स्टॉपवॉच दिलं, तेव्हा मध्यक निघाला ५.४ मिनिटं, म्हणजे निम्म्यांना याहून कमी वेळ, निम्म्यांना जास्त. तासाभराच्या बाता मारणाऱ्या जाहिरातवाल्यांनी तो जरूर पाहावा. २००८ मध्ये सुरुवातीपासूनच्या शीघ्रपतनासाठी साधारण एक मिनिटाची मर्यादा ठरली. नंतर उद्भवलेल्या प्रकारात आधी ताठरतेची तक्रार, थायरॉइड, प्रोस्टेटचा दाह तपासतात.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २००६ साली आलेल्या डापोक्सेटिनच्या चाचणीतही घड्याळ होतंच. सुरुवातीला सगळेच सरासरी मिनिटाच्या आत होते. बारा आठवड्यांनी ६० मिलिग्रॅमवाले ३.३२ मिनिटांवर पोचले, ३० वाले २.७८ वर, आणि औषध नसलेली गोळी घेणारे १.७५ वर.