यिर्कला सालचित्रे

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला, आर्नेम लँडच्या ईशान्य कोपऱ्यातील यिर्कला आणि आसपासच्या किनारपट्टीवर राहणाऱ्या योल्ङू आदिवासींची झाडाच्या सालीवर काढलेली चित्रे. जमीन, खाडी, समुद्र आणि त्यांतील जीव यांच्याशी प्रत्येक कुळाचे असलेले नाते त्यांत नोंदवलेले असते. केवळ निसर्गचित्रे म्हणून पाहिली तर ती अर्धीच कळतात. आपल्याकडे सातबारा जे सांगतो, ते योल्ङू माणूस या सालीवर वाचतो.

निलगिरीच्या एका जातीची साल पावसाळ्यात झाड रसरशीत असताना सलग सोलून काढतात, विस्तवावर शेकतात आणि वजनाखाली दाबून सपाट करतात. तांबडी व पिवळी काव, पांढरी माती आणि काळा रंग दगडावर उगाळून घेतात. माणसाचे थोडेसे केस काडीला बांधून केलेल्या कुंचल्याला ‘मार्वात’ म्हणतात. त्याने ओढलेल्या केसाएवढ्या बारीक, एकमेकींना छेदणाऱ्या रेघांनी सगळा पृष्ठभाग भरतो आणि लखलखू लागतो.

या नक्षीला ‘मिन्यजी’ म्हणतात. ती कुळाची मालमत्ता असते. ज्याचा हक्क नाही त्याने ती काढायची नसते. मादार्पा कुळाची चौकटींची, म्हणजे हिरकणीच्या आकारांची नक्षी हे याचे चांगले उदाहरण. बारू हा मगररूपी पूर्वज आगीत होरपळला आणि समुद्रात शिरला. ती आग पाण्याखाली अजून जळते आहे, असे हे कूळ मानते. चित्रातल्या चौकटी म्हणजे त्या ज्वाळा, आणि मगरीच्या पाठीवरचे खवलेही.

१९६३ मध्ये बॉक्साइटच्या खाणीसाठी राखीव क्षेत्रातील जमीन काढून घेतली गेली, तेव्हा योल्ङूंनी ऑस्ट्रेलियाच्या संसदेकडे सालीवरचे अर्ज पाठवले. टंकलिखित मजकूर योल्ङू भाषेत आणि इंग्रजीत, भोवती कुळांच्या नक्षीची चौकट. खाण थांबली नाही. १९७१ मध्ये न्यायालयातही दावा फेटाळला गेला. मात्र या लढ्याने ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरी या उत्तरेकडील प्रांतासाठीच्या १९७६ च्या आदिवासी भूमिहक्क कायद्याची वाट तयार केली.

समुद्राचा प्रश्न तरीही राहिला. १९९६ मध्ये मादार्पांच्या गारांगाली या पवित्र ठिकाणी बेकायदा मासेमारी करणाऱ्यांचा तळ सापडला. तिथे पोत्यात मगरीचे कापलेले मुंडके होते, आणि ही जागा खुद्द बारूची. कुळाचे नेते व चित्रकार जाम्बावा मारावीली यांच्या पुढाकाराने ४७ चित्रकारांनी ८० सालचित्रे काढली. खारे आणि गोडे पाणी कुठे मिसळते, भरतीबरोबर कोण येते, कोणत्या खडकापर्यंत कोणाची हद्द, हे सारे त्यांत होते. परक्यांना एरवी न सांगितले जाणारे ज्ञान उघड करायचे, हा निर्णय सोपा नव्हता. अपमानाला दिलेले इतके संयत आणि इतके ठाम उत्तर कलेच्या इतिहासात क्वचितच सापडेल. हा संग्रह आज सिडनीच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात आहे. जुलै २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने ब्लू मड बे या तिथल्याच उपसागराबद्दलच्या खटल्यात पारंपरिक मालकांच्या बाजूने निकाल दिला: त्यांच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या रेषेपर्यंतच्या पाण्यात शिरायला त्यांची परवानगी हवी. नॉर्दर्न टेरिटरीच्या सुमारे ८० टक्के किनाऱ्याला हा निकाल लागू पडतो.

यिर्कलाच्या बुकु-लार्ङ्गाय मुल्का या कलाकेंद्राचा दंडक असा, की भूमी रंगवायची तर भूमीतलेच साहित्य वापरायचे. तिथले कलाकार गुन्यबी गानाम्बार यांनी त्याचा नवा अर्थ लावला. खाणकामाने आणि बांधकामाने मागे टाकलेले पत्रे, रबरी पट्टे, प्लॅस्टिकचे नळ हेही आता याच भूमीवर पडलेले आहे, म्हणून तेही चालते. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर नक्षी कोरलेल्या ‘बुय्कू’ या कामाला २०१८ चा राष्ट्रीय आदिवासी कला पुरस्कार मिळाला. ॲल्युमिनियम ज्या बॉक्साइटपासून बनते, ते याच जमिनीतून उपसले जाते, हे त्या पत्र्याकडे पाहताना विसरता येत नाही. नोंगिरङा मारावीली यांनी प्रिंटरच्या फेकून दिलेल्या काडतुसांमधला गडद गुलाबी टोनर रंग म्हणून सालीवर आणला. पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, तोच राष्ट्रीय पुरस्कार जाम्बावा मारावीली यांना सालचित्रासाठी मिळाला.