घरगुती संगणकजाल

एकाच घरातील संगणक, मुद्रक व तत्सम उपकरणे तारेने किंवा वायफायने एकमेकांस जोडून केलेली स्थानिक व्यवस्था. बोलण्यात ‘लॅन’ (लोकल एरिया नेटवर्क) हाच शब्द रूढ आहे. ‘मुद्रक’ही पाठ्यपुस्तकांतच उरला असून घरोघरी ‘प्रिंटर’ म्हणतात. प्रस्तुत नोंदीत एकत्र गेम खेळणे आणि एकच प्रिंटर सर्वांनी वापरणे या दोन उपयोगांचा पुण्याच्या संदर्भात विचार केला आहे.

उगम : घरगुती लॅनचे मूळ ईथरनेट या संगणक तारेने जोडण्याच्या पद्धतीत आहे, पण ईथरनेटचे जनकत्व नेमके कोणाचे याबाबत एकमत नाही. झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी २२ मे १९७३ रोजी लिहिलेले टिपण हा प्रारंभबिंदू मानण्याचा प्रघात आहे. काही अभ्यासक मात्र प्रत्यक्ष यंत्रणा चालू झाली तो त्याच वर्षाचा उत्तरार्ध ग्राह्य धरतात. १९७७ मध्ये मिळालेल्या पेटंटवर मेटकाफ, बॉग्ज, थॅकर व लॅम्पसन अशी चार नावे आहेत. त्याआधी, साधारण १९७१ पासून, नॉर्मन एब्रॅमसन यांचे रेडिओवर चालणारे ‘अलोहानेट’ हवाई बेटांवर कार्यरत होते. त्यात प्रत्येक केंद्र मनात येईल तेव्हा संदेश पाठवी आणि टक्कर झाल्यास थोडे थांबून पुन्हा पाठवी. मेटकाफ यांनी यात ‘आधी ऐका, मग बोला’ ही शिस्त आणली. त्यामुळे बीज अलोहाचे आणि यंत्रणा ईथरनेटची, असे म्हणणे उपलब्ध पुराव्यास अधिक धरून वाटते. मूळ वेग सेकंदाला २.९४ मेगाबिट होता. नाव मात्र १८८७ च्या मायकेलसन-मोर्ले प्रयोगाने मोडीत निघालेल्या, प्रकाश ज्यातून वाहतो असे मानले जाई त्या ‘ईथर’चे!

तार व जोडणी : घरगुती लॅनच्या आरंभीच्या काळातील पातळ कोअ‍ॅक्सिअल केबलच्या दोन्ही टोकांना ५० ओहमच्या रोधकाची टोपी लागे, मधला एक सांधा सैल झाला तरी सगळेच संगणक बंद पडत. १९९० मध्ये जोडीजोडीने पिळलेल्या तारांचे मानक आले आणि हा जाच संपला. पुण्यात बुधवार पेठेतील तापकीर गल्लीत ही पिळाची केबल मीटरवर मिळते. टोक ‘क्रिम्प’ करताना, म्हणजे प्लगमध्ये दाबून बसवताना, आठ तारांचा क्रम डावीकडून असा : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या मध्ये निळी का घुसवायची, हे नवशिक्याला पटत नाही. तो जोड्या शेजारी-शेजारी लावतो. तार तपासणाऱ्या टेस्टरचे आठही दिवे लागतात, पण पिळलेली जोडी फुटल्याने तारांत परस्पर व्यत्यय येतो आणि गेम अडखळतो. हा दोष केवळ दिव्यांच्या टेस्टरवर सापडत नाही.

गेम : १९९३ च्या ‘डूम’ने चौघांनी लॅनवर खेळण्याची प्रथा रुजवली. गेमला डेटा फार थोडा लागतो, पण तो वेळेवर लागतो. तारेवर पिंग, म्हणजे संदेश जाऊन परत येण्याचा वेळ, बहुधा एक मिलिसेकंदाच्या आत राहतो. वायफायवर सरासरी ठीक असली तरी मधेच उसळी येते. पेठांतल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंती आणि नव्या इमारतींतील सिमेंट-सळया दोन्ही सिग्नल खातात. त्यात भारतात वायफायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून परवानामुक्त असल्याने शेजारच्या सहा राउटरांचीही (घरातील उपकरणांना जोडून इंटरनेट पुरवणाऱ्या पेट्यांचीही) त्यातच गर्दी असते. जिथे तार नेता येते तिथे ती न्यावी, खिडकीच्या चौकटीतून न्यावी लागली तरी.

प्रिंटर : घरगुती संगणकांमध्ये प्रिंटरची वाटणी सोपी झाली ती १९९२ च्या ‘विंडोज फॉर वर्कग्रुप्स’पासून. एका संगणकाला जोडलेला प्रिंटर इतरांना खुला करायचा, ही पद्धत सर्वपरिचित आहे. प्रिंटर ज्या संगणकाला यूएसबीने जोडला तो चालू असावा लागतो, हे मात्र विसरले जाते. सप्टेंबर २०२१ च्या विंडोज सुरक्षा-अद्ययावतीनंतर ‘११बी’ने संपणारी त्रुटी दिसून अनेकांच्या सामायिक प्रिंटरची जोडणी तुटली.

थेट राउटरला जोडलेल्या प्रिंटरची अडचण पत्त्याची, म्हणजे जालातील त्याच्या क्रमांकाची असते. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते १९९४ पासून खासगी जालांसाठी राखीव आहेत. राउटर ते आल्या क्रमाने वाटतो. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, परत आल्यावर उपकरणे नव्या क्रमाने जागी होतात. ज्या राउटरला आधीचे वाटप आठवत नाही तो प्रिंटरला पाचव्याऐवजी सातवा पत्ता देतो आणि पडद्यावर ‘ऑफलाइन’ दिसते. राउटरमध्ये प्रिंटरच्या मॅक क्रमांकापुढे (उपकरणाच्या स्वतःच्या ओळख-क्रमांकापुढे) पत्ता राखून ठेवला की हा प्रश्न सुटतो. राउटर व स्विच (तारा एकत्र जोडणारी पेटी) इन्व्हर्टरवर घेण्यास हरकत नाही. लेझर प्रिंटर मात्र घेऊ नये, कारण शाईची पूड वितळवून कागदावर चिकटवणारा त्याचा तापक क्षणात मोठा भार ओढतो आणि घरातला दिवा मिचकतो.