उन्हाने खरखरीत झालेली कातडी: गोठवायची, मलम लावायचे की प्रकाश द्यायचा?

टक्कल, कपाळ, कानाची कड, हाताची मागची बाजू अशा वर्षानुवर्षे ऊन खाल्लेल्या जागेवरचा चट्टा पुष्कळदा डोळ्यांआधी बोटांना कळतो. दिसायला जेमतेम लालसर, हात फिरवला की सँडपेपरसारखा खरखरीत. खपली काढली तरी पुन्हा धरते. हा ‘अ‍ॅक्टिनिक केराटोसिस’. अतिनील किरणांनी तिथल्या पेशींच्या डीएनएत बिघाड झालेला असतो, अनेकदा बिघडलेल्या पेशींना आवर घालणाऱ्या पी५३ या जनुकातच. एकेकट्या चट्ट्याचा कर्करोग होण्याची शक्यता कमी असते, काही चट्टे तर आपोआप विरतात. पण नेमका कोणता उलटेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून उपचार करायचे.

चट्टे एक-दोनच असतील तर द्रव नायट्रोजनने गोठवणे सुटसुटीत. त्याचे तापमान उणे १९६ अंश सेल्सिअस, पण खरा फरक सेकंदांनी पडतो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चट्टा ५ सेकंदांपेक्षा कमी वेळ गोठलेला राहिला तेव्हा ३९ टक्के चट्टे पूर्ण गेले. २० सेकंदांपेक्षा जास्त वेळ राहिला तेव्हा ८३ टक्के. मग सरसकट जास्त वेळ का गोठवू नये? कारण कातडीला रंग देणाऱ्या पेशी थंडीने इतर पेशींच्या आधी मरतात आणि मागे पांढरा डाग राहतो. सावळ्या कातडीवर तो चांगलाच उठून दिसतो.

चट्टे पाच-सात झाले की मात्र एकेक टिपत बसण्यात अर्थ नाही. मधली साधी दिसणारी कातडीही तेवढीच ऊन खाल्लेली असते, तेव्हा सगळ्या पट्ट्यावरच उपचार हवा. अशा ६२४ रुग्णांवर नेदरलँड्समध्ये चार उपचारांची थेट तुलना झाली. निष्कर्ष २०१९ मध्ये आले. उपचार संपल्यावर वर्षभराने चट्टे किमान तीन चतुर्थांशांनी कमी झालेले रुग्ण असे: ५ टक्के फ्लुओरोयुरॅसिल मलमाने ७४.७ टक्के, इमिक्विमॉडने ५३.९, औषध लावून प्रकाश देण्याच्या उपचाराने ३७.७ आणि इन्जेनॉलने २८.९. इन्जेनॉल तर पुढे कर्करोगाच्याच शंकेमुळे युरोपच्या बाजारातून गेले.

म्हणजे जुने, साधे मलम सरस ठरले. पण ते सोसावे लागते. फ्लुओरोयुरॅसिल पेशींना डीएनए बांधू देत नाही. भराभर वाढणाऱ्या बिघडलेल्या पेशी त्यात आधी सापडतात. त्या तुलनेत ते दिवसातून दोनदा, चार आठवडे लावले होते. पहिले काही दिवस विशेष काही दिसत नाही. मग लाली, आग, आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात खपल्या, ओल्या जखमा. नेमके इथेच अनेकजण ‘अ‍ॅलर्जी झाली’ म्हणून मलम बंद करतात आणि उपचार अर्धवट राहतो. ही आग बहुधा औषध काम करत असल्याचीच खूण असते. मात्र पू, ताप किंवा डोळ्यांभोवती मोठी सूज आली तर डॉक्टरांना लगेच दाखवावे.

मलमाचा थर पातळच हवा, जाड लावल्याने फायदा वाढत नाही. डोळे, नाकपुड्या, ओठांचे कोपरे टाळावेत. लावून झाल्यावर हात साबणाने धुवावेत. घरात कुत्रा-मांजर असेल तर ट्यूब आणि मलम लावलेली कातडी त्यांच्या तोंडाला लागू देऊ नये; हे औषध त्यांच्या पोटात गेले तर जीवघेणे ठरते. गरोदरपणात ते वापरत नाहीत.

इमिक्विमॉड शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच त्या जागी चेतवते, त्यामुळे काहींना फ्लूसारखी कणकण येते. प्रकाशोपचार एका बैठकीत उरकतो. लाल दिव्याखाली आग बरीच होते, पण महिनाभर मलम लावणे ज्यांना जमणार नाही त्यांना तो सोयीचा. टिरबॅनिब्युलिन हे नवे मलम फक्त पाच दिवस, रोज एकदा लावायचे असते आणि त्रासही कमी देते. चार आठवड्यांचा उपचार अर्धवट सोडण्यापेक्षा ते बरे.

यातले काहीही सुरू करण्याआधी चट्टा बोटाने चाचपून पाहिला पाहिजे. बुडाशी टणक गाठ लागते, दाबले की दुखते, रक्त येते किंवा तो झपाट्याने वाढतोय, असे असेल तर मलम नाही, आधी बायॉप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणी.