म्हाताऱ्या कुत्र्याला माणसाची अर्धी गोळी देऊ नका

‘कुत्रं लंगडतंय ना? आपल्या दुखण्याच्या गोळीची अर्धी द्या,’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो घातक आहे. माणसाच्या गोळ्यांतली आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही औषधं कुत्र्याच्या पित्तावाटे आतड्यात येऊन पुन्हा रक्तात शिरतात, म्हणून अंगात जास्त वेळ राहतात. जठरात व्रण पडतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. गोळी दिली गेलीच असेल तर लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्याला फोन करा. उलटी किंवा डांबरासारखी काळी शी दिसली तर लगेच दवाखाना गाठा. दुखणं कमी करायची मलमंही चोळू नका, कुत्रं ती चाटतंच. पशुवैद्य मेलॉक्सिकॅम किंवा कार्प्रोफेन देतात, तेही तपासून, वजनावर मोजून. सोबत स्टेरॉइड चालत नाही.

सांधेदुखीसाठी घरी करण्यासारखं पुष्कळ आहे. सगळ्यात जास्त आराम वजन उतरवल्याने पडतो: हलका हात फिरवला तरी बरगड्या लागल्या पाहिजेत. गुळगुळीत फरशीवर उठताना मागचे पाय फाकतात, म्हणून पाणी आणि अंथरुणापर्यंत रबरी पाठीची पायपुसणी सलग टाका. पंजाच्या गाद्यांमधले केस कापा, नखं वाढू देऊ नका. रविवारी तासभर चालवण्यापेक्षा रोज दोन-तीनदा १०-१५ मिनिटं बरी. शेक कोमट, १० मिनिटं, आधी आपल्या मनगटावर पाहून. सांधा गरम, सुजलेला असेल तर शेकू नका.