कपात सूचना

कपात सूचना : सरकारने एखाद्या खात्यासाठी सभागृहाकडे मागितलेली रक्कम कमी करावी, असा लोकसभेच्या किंवा विधानसभेच्या सदस्याने मांडलेला प्रस्ताव. वर्तमानपत्रांत ‘कपात प्रस्ताव’ असेही लिहिले जाते. नावावरून वाटते, की सूचना देणारा सदस्य काटकसर करायला निघाला आहे. बहुतेक वेळा प्रकार उलटा असतो. ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर नाही, शाळेच्या खोल्या पडायला आल्या आहेत, पाणीयोजना अर्धवट पडून आहे, म्हणून संतापलेला विरोधी आमदार त्याच खात्याच्या मागणीतून शंभर रुपये कापा, असे लिहून देतो. त्या शंभर रुपयांशी त्याला काही देणेघेणे नसते. त्याला त्या खात्यावर बोलायचे असते, मंत्र्याकडून उत्तर हवे असते आणि खरे तर जास्त पैसे हवे असतात.

जास्त हवे असताना कमी करा म्हणण्याची ही उलटी रीत संविधानातून आली आहे. वार्षिक वित्तविषयक विवरणपत्र, म्हणजे आपण ज्याला अर्थसंकल्प म्हणतो ते, सभागृहात आल्यावर खात्यांच्या खर्चाचे अंदाज ‘अनुदानाच्या मागण्या’ म्हणून मताला टाकले जातात. केंद्रासाठी अनुच्छेद ११३ आणि राज्यांसाठी अनुच्छेद २०३ सांगतात, की सभागृह मागणी मान्य करू शकते, नाकारू शकते किंवा तिच्यातील रक्कम कमी करून मान्य करू शकते. वाढवण्याचा पर्याय तिथे नाही. राष्ट्रपतींच्या किंवा राज्यपालांच्या शिफारशीशिवाय कोणतीही मागणी करता येत नाही आणि ही शिफारस मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने होते. म्हणजे तिजोरीची किल्ली सरकारकडे आणि सदस्याच्या हाती फक्त कात्री. ‘आरोग्यावर आणखी पन्नास कोटी खर्च करा’ असा प्रस्ताव विरोधी सदस्याला मांडताच येत नाही. मग उरलेल्या एकाच दाराने तो आत शिरतो.

याहून मोठी अडचण ‘भारित’ खर्चाची आहे. कर्जावरील व्याज, न्यायाधीशांचे पगार, महालेखापरीक्षकांचे वेतन अशा बाबी थेट एकत्रित निधीवर, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीवर, भारित असतात. त्यांवर चर्चा होऊ शकते, मतदान नाही आणि म्हणून कपात सूचनाही नाही. अर्थसंकल्पाच्या पुस्तकांत ‘भारित’ आणि ‘दत्तमत’ (मताला टाकलेला खर्च) असे दोन वेगळे आकडे छापतात ते याचसाठी. कर्जबाजारी राज्यात व्याजाचा हप्ता वाढत जातो आणि सभागृहाची कात्री जिथे चालते तो भाग तेवढा आकसतो.

लोकसभेच्या नियम २०९ मध्ये कपातीचे तीन प्रकार सांगितले आहेत. ‘मागणीची रक्कम एक रुपयावर आणावी’ ही धोरणाबद्दलची नापसंती असते. ती मांडणाऱ्याला त्या धोरणाऐवजी दुसरे धोरण सुचवण्याची मोकळीक मिळते. दुसरी काटकसर कपात, तिच्यात अमुक रक्कम नेमकी कुठे वाचेल ते सांगावे लागते. नावाला जागणारी कपात एवढीच. तिसरी लाक्षणिक कपात, ‘मागणीची रक्कम शंभर रुपयांनी कमी करावी’. सरकारच्या जबाबदारीत येणारे एखादे विशिष्ट गाऱ्हाणे वेशीवर टांगण्यासाठी ती असते. सूचना एकाच मागणीविषयी हवी, एकाच विषयाची हवी, तिच्यात युक्तिवाद किंवा शेरेबाजी नको, न्यायप्रविष्ट बाब नको, चालू कायदा बदलण्याची मागणी नको, असे निर्बंध नियम २१० मध्ये आहेत. त्यामुळे छापील यादीतील सूचना दिसायला अगदी कोरड्या असतात. मागणीचा क्रमांक, खाते, रक्कम आणि एका ओळीत विषय. त्या एका ओळीमागे कधी कधी अख्ख्या तालुक्याचे दुखणे असते.

महाराष्ट्र विधानसभेत मागण्यांना खात्यांप्रमाणे इंग्रजी अक्षरे असतात, जसे सार्वजनिक आरोग्याच्या मागण्या ‘आर’ या अक्षराखाली येतात. अर्थसंकल्पी अधिवेशनात चर्चेचे दिवस खातेनिहाय वाटले जातात. सदस्य आपल्या सूचना आधी लिहून देतात आणि मागणी व तिच्यावरील कपात सूचना यांची चर्चा एकत्रच होते. भाषणात धोरण थोडे आणि मतदारसंघ फार, अशी टीका याबद्दल नेहमी होते. टीका खरी आहे, पण अर्धीच. उपकेंद्रात परिचारिका नाही ही तक्रार मतदारसंघाची असते, तशी ती पदभरती थांबवणाऱ्या धोरणाचीही असते. चर्चेअखेर मंत्री उत्तर देतात, काही सूचना मागे घेतल्या जातात, उरलेल्या आवाजी मतदानाने नामंजूर होतात आणि मागणी जशीच्या तशी संमत होते. ७८ सदस्यांच्या विधान परिषदेला मागण्यांवर मत नाही, तिथे फक्त चर्चा. गोव्याची विधानसभा ४० जणांची. तिथे विरोधक मोजके असले, तरी मागण्यांवर कपात सूचना टाकण्याची प्रथा चांगली रुजलेली आहे. लहान सभागृहात एकेका सदस्याच्या वाट्याला वेळही बरा येतो.

या साधनाची मुळे ब्रिटिश संसदेच्या एका जुन्या तत्त्वात आहेत. राजाला पैसा हवा असेल तर त्याने आधी प्रजेची गाऱ्हाणी ऐकावीत, असे ते तत्त्व. मंत्र्याच्या पगारातून शंभर पौंड कापण्याचा प्रस्ताव हा तिथला नेहमीचा प्रकार. २१ जून १८९५ रोजी पंतप्रधान लॉर्ड रोझबेरी यांच्या सरकारवर तो अचानक उलटला. सैन्याकडे कॉर्डाइट या स्फोटकाचा पुरेसा साठा नाही, अशी तक्रार करत विरोधकांनी युद्धमंत्री कॅम्पबेल-बॅनरमन यांच्या पगारात शंभर पौंडांची कपात सुचवली. विरळ सभागृहात ती १३२ विरुद्ध १२५ मतांनी संमत झाली. सरकारने राजीनामा दिला आणि पुढच्या निवडणुकीत रोझबेरी यांच्या लिबरल पक्षाचा मोठा पराभव झाला.

हिंदुस्थानात १९१९ च्या सुधारणांनी कायदेमंडळांना काही मागण्यांवर मत देण्याचा हक्क मिळाला. लष्करासारखा मोठा खर्च मताबाहेरच ठेवला होता. कायदेमंडळात शिरून सरकारला अडवायला निघालेल्या स्वराज्य पक्षाने या तुटपुंज्या हक्काचे शस्त्र केले. मार्च १९२४ मध्ये मोतीलाल नेहरूंच्या नेतृत्वाखाली मध्यवर्ती कायदेमंडळात सरकारच्या पहिल्या काही मागण्या फेटाळल्या गेल्या आणि वित्त विधेयक मांडायलाही परवानगी नाकारली गेली. व्हाइसरॉयने आपले खास अधिकार वापरून ते सारे पुन्हा आणले. नागपूरचा प्रकार याहून खमंग. मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या कौन्सिलात, म्हणजे प्रांतिक कायदेमंडळात, डॉ. बा. शि. मुंजे यांच्यासह स्वराज्यवाद्यांचे बहुमत होते. त्यांनी मागण्या तर नाकारल्याच, शिवाय मंत्र्यांचा पगार वर्षाला दोन रुपये ठरवला. पगार पूर्ण नाकारला असता तर ती फक्त अडवणूक ठरली असती. दोन रुपये दिल्याने मंत्र्यांची आणि काही खाती मंत्र्यांकडे, बाकीची गव्हर्नरकडे ठेवणाऱ्या द्विदल राज्यपद्धतीची लायकी किती, ते आकड्यातच सांगून झाले. मंत्री गेले आणि त्यांची खाती गव्हर्नरने हाती घेतली.

हा झाला अडवणुकीचा धडा. सेवांसाठी भांडण्याचा वेगळा धडा मुंबईच्या कौन्सिलात दिसतो. १२ मार्च १९२७ रोजी शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दोन आकडे शेजारी ठेवले. इलाख्यात शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च होतात आणि अबकारीतून माणशी दोन रुपयांहून अधिक वसूल होतात. लोकांकडून दारूवर जेवढे घेता तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा, हे त्यांचे मागणे होते. ते नियुक्त सदस्य होते आणि पाठीशी पक्ष नव्हता. जमेची बाजू आणि खर्चाची बाजू एकमेकींसमोर उभी करून सरकारला अडचणीत आणण्याची ही पद्धत पुढे विरोधी बाकांवर बसलेल्या अनेकांनी कळत-नकळत उचलली.

कपात सूचना संमत झाली, तर सभागृहाचा सरकारवर विश्वास उरला नाही असे मानण्याचा संकेत आहे. त्यामुळे एरवी रिकामे राहणारे सत्ताधारी बाक मतदानाच्या वेळी भरून वाहतात. एखाद्या राज्यात असा प्रसंग प्रत्यक्ष घडला तो जुलै १९६७ मध्ये मध्य प्रदेशात. गोविंद नारायण सिंह यांच्यासह ३६ काँग्रेस आमदार फुटले आणि शिक्षण खात्याच्या मागणीवरच मुख्यमंत्री द्वारकाप्रसाद मिश्र यांचे सरकार कोसळले. १९८५ च्या पक्षांतरबंदीनंतर हा रस्ता जवळपास बंद झाला. सत्ताधारी आमदाराला आपल्या तालुक्याच्या रुग्णालयाबद्दल कितीही राग असला, तरी पक्षादेश मोडून कपातीच्या बाजूने मत दिले की सदस्यत्व धोक्यात येते. तेव्हापासून कपात सूचना हे विरोधकांचेच आणि बहुतेक वेळा हरण्यासाठीच उचललेले शस्त्र झाले आहे.

हरण्यातही राजकारण असते. २७ एप्रिल २०१० रोजी महागाई आणि इंधन दरवाढीवरून भाजप आणि डाव्या पक्षांनी मनमोहन सिंग सरकारविरुद्ध लोकसभेत कपात सूचना मतास टाकल्या. त्या २०१ विरुद्ध २८९ मतांनी पडल्या. झारखंडचे मुख्यमंत्री शिबू सोरेन हे तेव्हा भाजपच्या पाठिंब्यावर सत्तेत होते आणि खासदारही होते. त्यांनी सरकारच्या बाजूने मत दिले आणि भाजपने रांचीतला पाठिंबा काढून घेतला. दिल्लीत फेटाळलेल्या सूचनेने रांचीतले सरकार असे अडचणीत आणले.

चर्चेसाठी ठरलेला वेळ संपला, की उरलेल्या सगळ्या मागण्या एकदम मताला टाकून संमत केल्या जातात. याला ‘गिलोटिन’ म्हणतात. मुंडके उडवणाऱ्या यंत्राचे नाव कोणी दिले असेल त्याला विनोदबुद्धी होती. लोकसभेत दरवर्षी मोजक्याच मंत्रालयांवर तपशिलात चर्चा होते, बाकीची गिलोटिनखाली जातात. १४ मार्च २०१८ आणि २३ मार्च २०२३ रोजी गोंधळात सगळ्याच मागण्या चर्चेविना संमत झाल्या. तेव्हा कपात सूचना कागदावर होत्या, बोलायला कोणाला मिळाले नाही. यात दोष एकट्या सरकारचा नसतो. गोंधळ घालून आपलाच वेळ गमावणारे विरोधकही त्यात भागीदार असतात.

पण विरोधकांची खरी पंचाईत वेगळीच आहे. सभागृहात संमत झालेला पैसा वर्षभर खात्याच्या हाती पडेलच असे नाही. तो वित्त विभाग टप्प्याटप्प्याने सोडतो. महाराष्ट्रात ‘बीम्स’ या संगणक प्रणालीवर निधी उपलब्ध झाल्याशिवाय कार्यालयाला खर्च करता येत नाही, म्हणून ‘बजेटमध्ये तरतूद आहे, पण बीम्सवर निधी नाही’ हे उत्तर तालुका पातळीवरही ऐकू येते. कोविडच्या काळात ४ मे २०२० रोजी वित्त विभागाने काढलेल्या शासन निर्णयाने आरोग्य, वैद्यकीय शिक्षण, अन्न व नागरी पुरवठा, मदत व पुनर्वसन असे अग्रक्रमाचे विभाग सोडून इतरांना तरतुदीच्या ३३ टक्केच निधी मिळेल असे ठरवले. म्हणजे ६७ टक्के कपात. सोबत नवी कामे आणि नोकरभरतीही थांबली. काही आठवड्यांपूर्वीच संमत झालेल्या अर्थसंकल्पातील या इतर विभागांच्या तरतुदींचा दोनतृतीयांश भाग एका शासन निर्णयाने बाजूला पडला आणि त्यावर कपात सूचना आणायला जागा नव्हती, कारण कपात सरकारनेच केली होती. शंभर रुपयांसाठी सभागृहाची मंजुरी लागते, ६७ टक्क्यांसाठी वित्त विभागाची सही पुरते.

उलट दिशेने पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पानंतर वर्षाच्या मधेच मागितलेला जादा पैसा, वाढत जातात. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्रात एकाच अधिवेशनात ९४,८८९ कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या मांडल्या गेल्या. यांवरही कपात सूचना देता येतात, पण चर्चा तेवढ्या बाबींपुरतीच ठेवावी लागते. एका खात्याचा पैसा दुसऱ्या कामाकडे वळवणे हा तिसरा मार्ग. मे २०२५ मध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी रुपये वळवले गेले, तेव्हा सर्वांत जाहीर तक्रार सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनी केली. विरोधकांचे काम मंत्र्याने केले, असे क्वचितच घडते.

म्हणून अनुभवी विरोधक कपात सूचनेवर विसंबत नाहीत. खर्च झाल्यावर हिशेब मागणारी लोकलेखा समिती त्यांना अधिक उपयोगी पडते. लोकसभेत १९६७ पासून तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याची प्रथा आहे आणि पहिले तसे अध्यक्ष होते मिनू मसानी. दुसरा उपाय म्हणजे खर्च कायद्यातच बांधून टाकणे. १९७२ च्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रुजलेली रोजगार हमी योजना १९७७ च्या कायद्याने हक्काची झाली आणि व्यवसाय करातून तिला स्वतःचा निधी मिळाला. मागेल त्याला काम देणे कायद्याने बंधनकारक झाल्यावर वित्त विभागाला तिथे कात्री चालवणे सोपे राहिले नाही.

विदर्भ आणि मराठवाड्याच्या आमदारांनी तिसरा उपाय म्हणून एक शब्द रूढ केला, ‘अनुशेष’, म्हणजे विकासात मागे राहिलेली बाकी. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९८४ मध्ये राज्यातील सगळ्या विभागांचा मिळून अनुशेष ३,१८६ कोटी रुपयांचा मोजून दिला, तेव्हा गाऱ्हाण्याला आकडा मिळाला. पुढे अनुच्छेद ३७१(२) खाली १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली आणि निधीवाटपाबाबत राज्यपालांना सरकारला निर्देश देता येऊ लागले. पैसा पळवला, हा नागपूर अधिवेशनातला नेहमीचा आरोप त्या निर्देशांवर बोट ठेवून करता येत असे. या मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली, म्हणजे ६७ टक्के कपातीचा शासन निर्णय निघाला त्याच्या चार दिवस आधी. ती पुन्हा स्थापन करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२२ मध्ये घेतला.