सरोगसी करार आणि देहस्वायत्तता

दुसऱ्या दांपत्यासाठी मूल पोटात वाढवून जन्मानंतर त्यांच्या स्वाधीन करण्याची लेखी कबुली म्हणजे सरोगसी करार. भारतात आज केवळ गर्भधारक सरोगसीला परवानगी आहे. म्हणजे मूल पोटात वाढवणाऱ्या स्त्रीला, सरोगेट मातेला, स्वतःचे स्त्रीबीज देता येत नाही. या कराराची पूर्तता स्त्रीच्या शरीरात, रात्रंदिवस, नऊ महिने चालू असते. सही मात्र एकदाच होते. आधी दिलेल्या संमतीने नंतरचा नकार बांधला जातो का, हा येथील मूळ प्रश्न आहे.

या प्रश्नावरचा सर्वात गाजलेला निकाल न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाचा, १९८८ मधील ‘बेबी एम’ खटल्यातला. १०,००० डॉलरच्या मोबदल्यात मूल जन्माला घालणाऱ्या स्त्रीने जन्मानंतर ते देण्यास नकार दिला. मूल तिच्याच स्त्रीबीजापासूनचे होते. न्यायालयाने करार बेकायदा व अमलात न आणण्याजोगा ठरवला. मुलीचा ताबा मात्र तिचे हित पाहून वडिलांना दिला आणि आईला भेटीचा हक्क ठेवला.

वाद गर्भपाताचा असतो तेव्हा गुंता वाढतो. अमेरिकेतील कनेक्टिकटमध्ये २०१२ साली एका सरोगेट मातेच्या तपासणीत गर्भात गंभीर दोष आढळले. करारात अशा वेळी गर्भपात करण्याचे कलम होते आणि दांपत्याने तिला १०,००० डॉलर देऊ केले. तिने नकार दिला, मिशिगनमध्ये जाऊन बाळाला जन्म दिला आणि ते दत्तक देण्यात आले. गर्भपात करवून घे, असा हुकूम देऊन न्यायालय करार पुरा करून घेईल, ही गोष्ट अकल्पनीय आहे. पण करारभंगाची भरपाई मागता येते, आणि ज्या बाईने गरजेपोटी सही केली तिच्यावर तो धाक पुरेसा असतो.

भारतात १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यात सज्ञान स्त्रीची स्वतःची संमतीच लागते, नवऱ्याची नाही. मूल जन्माला घालायचे की नाही ही निवड राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सुचिता श्रीवास्तव खटल्यात म्हटले. त्याच काळात गुजरातमधील आणंद हे परदेशी दांपत्यांच्या सरोगसीचे मोठे केंद्र होते. तेथे अनेक स्त्रिया गर्भारपणात घरापासून दूर, वसतिगृहात, खाणेपिणे व हालचालींवर देखरेखीखाली राहत. करार शरीराचा ताबा कसा घेतो, हे याहून स्पष्ट दिसणार नाही.

२५ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या सरोगसी (नियमन) अधिनियम, २०२१ ने व्यावसायिक सरोगसीवर बंदी घातली. सरोगेट माता २५ ते ३५ वयाची, विवाहित अथवा पूर्वी विवाह झालेली व स्वतःचे मूल असलेली हवी. आयुष्यात एकदाच तिला हे करता येते. तिच्यावर गर्भपाताची सक्ती करणे निषिद्ध आहे, आणि ही तरतूद मोलाची आहे. मात्र सरोगसीची संमती मागे घेण्याची मुभा भ्रूणाचे रोपण होईपर्यंतच. त्यानंतर गर्भपातासाठी तिच्या लेखी संमतीबरोबर समुचित प्राधिकाऱ्याची, म्हणजे या कायद्याखाली सरकारने नेमलेल्या अधिकारी मंडळाची, मंजुरीही लागते. इतर गरोदर स्त्रीला न लागणारा हा जादा उंबरठा सरोगेट मातेपुढेच का ठेवला, याचे समाधानकारक कारण दिसत नाही.

मोबदला आणि शरीरावरचा ताबा हे दोन वेगळे प्रश्न आहेत, पण आपल्याकडील चर्चेत पहिलाच दुसऱ्याला झाकतो. न्यूयॉर्क राज्याने २०२१ पासून सशुल्क सरोगसीला मान्यता दिली, पण गर्भ ठेवणे वा न ठेवणे, एकाहून अधिक गर्भ असल्यास संख्या कमी करणे यांसह सर्व आरोग्यविषयक निर्णय कायद्यानेच सरोगेट मातेच्या हाती ठेवले. ब्रिटनमध्ये करार न्यायालयात अमलात आणता येत नाही, जन्म देणारीच प्रथम कायदेशीर आई ठरते, आणि पालकत्व सोडण्याची तिची संमती जन्मानंतर सहा आठवडे उलटल्याशिवाय ग्राह्य धरली जात नाही.

भारतीय कायद्यात सरोगेट मातेसाठी वैद्यकीय व विहित खर्च आणि ३६ महिन्यांचा विमा आहे, मानधन नाही. नऊ महिन्यांच्या बुडालेल्या रोजगाराचीही भरपाई मिळावी, अशी शिफारस संसदेच्या स्थायी समितीने २०१७ च्या अहवालात केली होती. सरकारने ती स्वीकारली नाही.